फ्रँचायझी आउटलेटला मॅनेजर किती लागतात? शिफ्टचा हिशेब, रोस्टर आणि भरती

ब्रँडच्या माहितीपत्रकात मनुष्यबळाबद्दल बहुधा एकच ओळ असते: "स्टाफ ८ ते १२". त्यात तळणारे, काउंटरवरचे, भांडी घासणारे सगळे येतात. दुकान कोणाच्या ताब्यात राहणार, त्याच्या सुट्टीच्या दिवशी कोण, रात्री गल्ला कोण मोजणार, हे त्या ओळीत नसतं. नवा मालक एक मॅनेजर नेमतो, "बाकी मी आहेच" म्हणतो आणि तिसऱ्या महिन्यात रोज रात्री बारा वाजता स्वतः शटर ओढत असतो.

मॅनेजरची संख्या कर्मचाऱ्यांच्या संख्येवरून काढायची नसते. ती दुकान किती तास उघडं आहे त्यावरून काढायची. आठ जणांचं दुकान असो की अठरा जणांचं, आत माणसं काम करत आहेत तोवर निर्णय घेऊ शकणारा एक जण हजर हवा.

आधी करार काढून वाचा. मॅकडोनाल्ड्स, डॉमिनोज यांसारखे ब्रँड आपल्याकडे मोठ्या कंपन्याच चालवतात. वैयक्तिक मालकाच्या वाट्याला येतात ते वडापाव, बर्गर, सँडविच, वॉफल, मोमो, बिर्याणी यांचे देशी ब्रँड आणि काही परदेशी साखळ्या. यात दोन मुख्य प्रकार असतात. 'फोफो'मध्ये मालकी तुमची आणि चालवणंही तुमचंच, म्हणजे या लेखातलं सगळं तुमच्या डोक्यावर. 'फोको'मध्ये जागा आणि पैसा तुमचा, चालवणार कंपनी. तिथे मॅनेजर कोणाच्या पगारपत्रकावर आहे हे तपासा. पगार तुमच्या खात्यातून जात असेल आणि हुकूम कंपनीचा चालत असेल, तर भविष्यनिधीचा (पीएफचा) तगादा तुमच्याकडेच येईल.

करारातली पाच कलमं अधोरेखित करा. ब्रँडने प्रशिक्षण दिलेली किती माणसं कायम दुकानात हवीत. त्यांतला एक गेला तर किती दिवसांत दुसरा उभा करायचा. प्रशिक्षणाचा, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा आणि दुसऱ्या माणसासाठी पुन्हा फी आहे का. मॅनेजरच्या नेमणुकीला ब्रँडची मंजुरी लागते का. आणि ब्रँडच्या किंवा दुसऱ्या फ्रँचायझीच्या दुकानातला माणूस घ्यायला बंदी आहे का. शेवटचं कलम बरेच जण वाचत नाहीत आणि शेजारच्या मॉलमधल्या त्याच ब्रँडचा शिफ्ट इनचार्ज (मॅनेजरच्या हाताखाली एक शिफ्ट सांभाळणारा) दोन हजार जास्त देऊन आणतात. मग नोटीस येते.

हिशेब

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पुण्या-नाशिकसारख्या शहरात रस्त्यावरचं, बसायची सोय असलेलं दुकान. गिऱ्हाइकांसाठी सकाळी ११ ते रात्री ११. पण दुकानाचा दिवस त्याहून लांब असतो. माल घेणं, फ्रायर तापवणं, चिरणं-मापणं यासाठी साडेनऊला कुलूप उघडतं. साफसफाई आणि हिशेब उरकून बंद व्हायला बारा वाजतात. म्हणजे साडेचौदा तास.

आठ तास काम आणि अर्धा तास जेवण धरलं तर दोन शिफ्ट लागतात: साडेनऊ ते सहा आणि साडेतीन ते बारा. मधले अडीच तास दोघं एकत्र असतात. ते वाया जात नाहीत. दुपारची ऑर्डर, माल मोजणं, नव्या मुलांना शिकवणं याच वेळात होतं. आठवड्याला या झाल्या १४ शिफ्ट. शुक्रवार, शनिवार, रविवारी संध्याकाळी काउंटर आणि किचन दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष देणं एकट्याला जमत नाही, म्हणून दुपारी दोन ते साडेदहा अशी एक मधली शिफ्ट धरा. एकूण १७.

आता एक माणूस वर्षाला किती शिफ्ट देतो ते पाहा. ३६५ मधून ५२ आठवडी सुट्ट्या गेल्या, उरले ३१३. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ८ नैमित्तिक रजा, ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि वीस दिवस कामामागे एक याप्रमाणे सुमारे १५ अर्जित रजा. उरले २८२. आजारपण आणि ब्रँडचं प्रशिक्षण यात आणखी सहा-सात दिवस जातात. म्हणजे २७५ दिवस, आठवड्याला सव्वापाच शिफ्ट. आपण मनात सहा धरतो आणि तिथेच फसतो.

मॅनेजरची आठवड्यातली एक शिफ्ट फ्लोअरवर धरूच नका. रोस्टर (कोण कोणत्या शिफ्टला याचा तक्ता), बिलांची जुळणी, मुलाखती, ऑडिटचे कागद यासाठी ती लागते. म्हणजे मॅनेजर सव्वाचार आणि दोन शिफ्ट इनचार्ज प्रत्येकी सव्वापाच, एकूण पावणेपंधरा. गरज आहे १७ ची. सव्वादोन शिफ्ट कमी पडतात. त्या भरायला क्रूमधलाच, म्हणजे किचन-काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांतलाच, एक टीम लीडर तयार करायचा. उत्तर असं: एक मॅनेजर, दोन शिफ्ट इनचार्ज, आणि आठवड्याला दोन शिफ्ट सांभाळू शकणारा एक टीम लीडर. हा चौथा माणूस चैन वाटतो, पण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. तो नसेल तर कोणाच्याही आजारपणात मालक थेट फ्रायरपाशी येतो.

वेळ वेगळी असेल तर आकडे बदलून हाच हिशेब करा. १५० चौरस फुटांच्या वडापाव काउंटरवर चार-पाच माणसं असतात. तिथे मॅनेजर हे पद लागत नाही, दोन भरवशाचे टीम लीडर आणि रोज येणारा मालक पुरतो. रात्री दोनपर्यंत डिलिव्हरी चालवणार असाल तर मात्र तिसरा इनचार्ज घ्यावाच लागतो.

रोस्टर कागदावर मांडून बघा

मॅनेजर म, इनचार्ज क आणि ख. सुट्टी अनुक्रमे मंगळवार, बुधवार, गुरुवार.

सोमवार: क सकाळी, ख रात्री, म ऑफिसच्या कामावर
मंगळवार: क सकाळी, ख रात्री
बुधवार: म सकाळी, ख रात्री
गुरुवार: म सकाळी, क रात्री
शुक्रवार: ख सकाळी, म मधली, क रात्री
शनिवार: ख सकाळी, क मधली, म रात्री
रविवार: क सकाळी, म मधली, ख रात्री

प्रत्येकाचे सहा दिवस भरतात, १७ शिफ्ट झाकल्या जातात आणि ऑफिसचा दिवसही सुटतो. शिल्लक मात्र शून्य. कोणी एक रजा घेतली की टीम लीडर आत येतो. या मांडणीत रात्री बाराला दुकान बंद करणारा माणूस दुसऱ्या दिवशी साडेनऊला उघडायला कुठेच येत नाही. दोन शिफ्टमध्ये निदान अकरा तास राहतात. हा नियम मोडला की महिन्याभरात त्याचा परिणाम दिसतो: सकाळची तापमानाची नोंद न बघताच भरलेली, आणि वहीत सगळे आकडे एकाच पेनाने, एका दमात लिहिलेले. मॅनेजरने आठवड्यातून एकदा तरी रात्रीचं क्लोजिंग करावं आणि ते शनिवारी करावं. घोळ तिथेच होतात. क आणि ख यांची अदलाबदल दर महिन्याला करा.

रजांचं कॅलेंडर जानेवारीतच भिंतीवर लावा. कोकणातली मुलं गणपतीला जाणार, खानदेश-मराठवाड्यातली दिवाळीला, उत्तर भारतातली होळी किंवा छठला, आणि एप्रिल-मेमध्ये प्रत्येकाच्या घरी कोणाचं तरी लग्न असतं. तिघेही एकाच तालुक्यातले असतील तर तिघेही एकाच गाडीने जातील. म्हणून निदान एक जण वेगळ्या भागातला असावा. ही जातिपातीची गोष्ट नाही, रेल्वेच्या वेळापत्रकाची आहे.

कायदा कुठे आडवा येतो

'मॅनेजर' असा बिल्ला लावला की तासांचं बंधन संपलं, असा एक लाडका समज आहे. दुकाने व आस्थापना कायद्याने खऱ्या व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांना सूट दिली आहे, पण अशा पदांची यादी आस्थापनेच्या संकेतस्थळावर, ते नसेल तर दुकानात दिसेल अशा जागी लावावी लागते आणि प्रत कामगार खात्याला द्यावी लागते. शिवाय दिवसभर पॅटी भाजणाऱ्याला शिफ्ट मॅनेजर म्हटल्याने तो मॅनेजर होत नाही. आठवड्याला ४८ तास आणि त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम हे धरूनच रोस्टर करा.

रात्री साडेनऊनंतर महिला इनचार्ज ठेवायची तर तिची संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि घरापर्यंत वाहन ही तिन्ही हवीत. कॅबचा खर्च धरूनही अनेक दुकानांत हे परवडतं, कारण रात्रीचा गल्ला नीट जुळतो. याला आणखी एक धागा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी झाले की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी असते आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. व्यवस्थापनातले तिघेही पुरुष असतील तर ही समिती बसवताना धावपळ होते. दहाच्या आकड्यावरच कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते, वीसवर भविष्यनिधी. नवव्या किंवा एकोणिसाव्या माणसानंतर थांबून हिशेब करा.

अन्नसुरक्षेच्या बाजूने दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक लागतो. 'फोस्टॅक' या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्यासाठीच. दुकानाला एक पुरतो, पण दोघांना करून ठेवा. प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असतं, तो गेला की तेही गेलं, आणि तपासणी नेमकी त्याच आठवड्यात येते. तुमची कंपनी असेल आणि परवान्यात मॅनेजरला नामनिर्देशित केलं असेल, तर तो सोडून जाताच नाव बदला. सर्व अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी मॅनेजरलाही लागू आहे. टाय घालणारा माणूसही किचनमध्ये हात घालतोच.

माणसं एजन्सीमार्फत घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. एजन्सीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ५ टक्के दराने कर भरणाऱ्या रेस्टॉरंटला त्याचं क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) मिळत नाही. क्रू आणि हाउसकीपिंगसाठी चालेल. मॅनेजर आणि इनचार्ज स्वतःच्या पगारावर ठेवा.

परवडतं का

आकडे शहरानुसार बदलतील, पद्धत बघा. मॅनेजर ३५,०००, दोन इनचार्ज प्रत्येकी २२,०००, टीम लीडरला शिफ्टमागे १५० रुपये भत्ता, महिन्याचे सुमारे १,५००. बेरीज ८०,५००. भविष्यनिधी, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद यासाठी १५ ते १८ टक्के वर धरा: जवळपास ९४,०००. जीएसटी वगळून महिन्याची विक्री १२ लाख असेल तर हे आठ टक्क्यांच्या आत बसतं. विक्री ६ लाख असेल तर साडेपंधरा टक्क्यांच्या वर जातं, आणि त्यावर क्रूचा पगार, भाडं, रॉयल्टी आहेच.

सहा लाखांच्या दुकानाला तीन मार्ग आहेत. तास कमी करा: १२ ते १० केलं तर दुकानाचा दिवस दोन तासांनी आखडतो आणि एका इनचार्जची जागा टीम लीडरने भरून निघते. किंवा मालकाने खरोखर शिफ्ट घ्यायच्या, म्हणजे रोस्टरवर नाव, गणवेश आणि वेळेवर हजेरी. "मी येत-जात असतो" ही शिफ्ट नव्हे. असं केलंत तर स्वतःचा पगार खर्चात दाखवा. नाहीतर दिसणारा नफा म्हणजे तुमचीच मजुरी असते. तिसरा मार्ग, दोन जवळच्या आउटलेटना मिळून एक मॅनेजर. पण दोन्हींत पंधरा मिनिटांहून जास्त अंतर असेल तर तो दोन्हीकडे नसतो.

भरतीचा क्रम

उद्घाटनाच्या नव्वद दिवस आधी मॅनेजर. साठ दिवस आधी दोघे इनचार्ज, कारण ब्रँडच्या दुकानातलं प्रशिक्षण आठवडेच्या आठवडे चालतं आणि तिथली जागा वाट बघून मिळते. तीस दिवस आधी क्रू, आणि त्या निवडीत मॅनेजरला बसवा. शेवटचे दहा दिवस कोरडी तालीम: ओळखीच्या लोकांना बोलवा, एकदम तीस ऑर्डर टाका, मधेच एक फ्रायर बंद करा. इंटिरियरचं काम लांबलं की सगळे आधी भरती पुढे ढकलतात, कारण रिकामा पगार डोळ्यांत खुपतो. मग दुकान तयार होतं आणि चालवायला माणूस नसतो.

मुलाखतीत "तुमची बलस्थानं काय" विचारू नका. हा प्रश्न विचारा: या आठवड्यात विक्रीच्या हिशेबाने फ्राइज ६० किलो लागायला हवे होते, स्टॉकमधून ६८ किलो गेले, कुठे बघाल? "स्टाफने खाल्लं असेल" म्हणणारा इनचार्ज होऊ शकतो, मॅनेजर नाही. जाणता माणूस आधी मोजणी पुन्हा करायला लावतो. मग विचारतो, माल आलेल्या चलनाची नोंद दोनदा झाली का, पोर्शन वजनकाट्यावर भरतात की अंदाजाने, टाकून दिलेल्या मालाची वही भरली का, डिलिव्हरीतून परत आलेल्या ऑर्डर पुन्हा बनवल्या का. संशय तो शेवटी घेतो. त्यानंतर शनिवार संध्याकाळची एक ट्रायल शिफ्ट, पैसे देऊन. काउंटरला रांग लागल्यावर तो कुठे उभा राहतो ते बघा. रांगेच्या तोंडाशी बिलिंग करायला धावणारे खूप असतात. एक पाऊल मागे, जिथून काउंटर आणि किचनची खिडकी दोन्ही दिसतात, तिथे उभा राहून माणसं हलवणारा हवा.

नातेवाईक मॅनेजर नेमायचा असेल तर नेमा, पण त्याच्याखालचा इनचार्ज बाहेरचा हवा. एकाच घरातले दोघे, एक गल्ल्यावर आणि एक स्टोअरवर, असं कधीच करू नका.

शिफ्ट बदलताना

दोन इनचार्ज असूनही दुकान निर्नायकी का होतं? कारण दोघांत काही हस्तांतरच होत नाही. साडेपाचला, सकाळचा माणूस निघायच्या आधी, दोघांनी मिळून पंधरा मिनिटांची फेरी मारायची. चिलर ५ अंशांच्या आत, डीप फ्रीझर उणे १८, गरम ठेवलेलं ६० च्या वर, ही नोंद दोघांच्या सहीने. गल्ला मोजून सुरुवातीची सुट्या पैशांची रक्कम वेगळी काढायची. उद्यासाठी फ्रीझरमधून चिलरमध्ये किती माल उतरवला, हे आकड्यात. स्विगी-झोमॅटोवर कोणते पदार्थ बंद केले आहेत. दुपारी संपलेलं पनीर सहाला येतं आणि मेनू रात्रभर बंदच राहतो, हे दर आठवड्याला होतं. तेल कधी बदललं. आज कोण आलं नाही.

बिल रद्द करण्याचा आणि सवलत देण्याचा पिन प्रत्येक इनचार्जला स्वतंत्र द्या. एकच पिन सगळ्यांना माहीत असेल तर रोख बिलं रात्री साडेदहा ते साडेअकरात रद्द होऊ लागतात. आठवड्याला एकदा रद्द बिलांची यादी वेळेनुसार लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. किल्ल्या दोन संच, नोंदवहीत सही करून.

टिकवणं

शिफ्ट इनचार्ज पगारासाठी जातो त्याहून जास्त वेळा रोस्टरमुळे जातो. सुट्टी आदल्या रात्री रद्द होणं हे त्याचं पहिलं कारण. दुसरं म्हणजे मालकाने मॅनेजरला डावलून व्हॉट्सअ‍ॅपवर थेट क्रूला सूचना देणं. तिसऱ्यांदा असं झालं की मॅनेजर फक्त हजेरी लावतो.

इन्सेंटिव्ह एकाच आकड्याला बांधू नका. फक्त पगारखर्चावर बांधला तर तो शनिवारी दोन माणसं कमी बोलावतो. फक्त मालाच्या खर्चावर बांधला तर पोर्शन हलका होतो आणि मुदत संपलेल्या पाकिटावर नवं लेबल चिकटतं. विक्री, मालाच्या खर्चातली तफावत आणि ब्रँडच्या ऑडिटचे गुण, तिन्ही मिळून. ऑडिट ठरलेल्या गुणांखाली गेलं तर त्या महिन्याचा पूर्ण इन्सेंटिव्ह शून्य.

तीस दिवसांची नोटीस कागदावर असते, प्रत्यक्षात माणूस पगार घेऊन गावाला जातो आणि फोन उचलत नाही. त्यावर पगार अडवून धरणं हा उपाय नव्हे. त्यातून तक्रार तेवढी येते. टीम लीडरला दर तिमाहीत एक पूर्ण आठवडा इनचार्जची जागा चालवू द्या, त्या आठवड्यात इनचार्जला अर्जित रजेवर पाठवा. जागा सांभाळू शकतो की नाही हे त्याच वेळी कळतं. मॅनेजरच्या बाबतीतही हेच: वर्षातून सलग दहा दिवस रजा सक्तीची. तो नसताना मालाच्या खर्चाचा आकडा एकदम बदलला, वर किंवा खाली, तर कारण शोधा.

दुसरं आउटलेट घेण्याचा दिवस याच दहा दिवसांत ठरतो. पहिलं दुकान मॅनेजरशिवाय इनचार्ज आणि टीम लीडरवर चाललं, ऑडिटचे गुण टिकले, तर तुमच्याकडे नव्या जागेसाठी मॅनेजर तयार आहे. दोन आउटलेटपर्यंत मालकच देखरेख करतो. चौथं घेताना मात्र कोणत्याही शिफ्टवर नसलेला एक एरिया मॅनेजर लागतो, आणि त्याचा पगार चौथ्या दुकानाच्या गुंतवणुकीतच धरावा लागतो.